तळव्यांचं काळं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार, केनवड
आले एकदाची! अकोल्याहून निघताना आई म्हणत होती, तुला करमायचं नाही. पण जागा पाहताच आवडली. संस्थेची बैठी इमारत, मागे वांग्यांचा मळा, स्वयंपाकघराला लागून माझी खोली. घरी मार खाल्लेल्या बायकांचं ऐकायचं, त्यांच्यासोबत पोलिसांत, दवाखान्यात जायचं, हे इथलं काम. ते करून कार्यकर्ते पार खचतात. त्यांना सावरायला शिकवण्यासाठी मला समुपदेशक म्हणून नेमलंय. संस्थाप्रमुख नानाजींनी स्वतः माझी बॅग उचलली. स्वयंपाकाच्या सोजरबाईंनी भाकरी आणि जवसाची काळी चटणी वाढली. मी दोनदा मागून घेतली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सगळ्यांशी बोलले. अकरा कार्यकर्त्यांपैकी एकही थकलेला नाही. झोप छान, भूक छान. हर्षल सर्वांत जुना. गेल्या महिन्यात त्याने विहिरीतून एका सुनेचं प्रेत काढलं, अशी नोंद आहे. कसं वाटलं विचारलं, तर नुसता हसला. आज हात भाजलेली एक बाई त्याच्यासमोर रडत होती आणि हा पेरू खात होता. बिया दातांतून काढत. मला शिसारी आली.

८ नोव्हेंबर, शनिवार
यांचं गुपित कळलं. शनिवारी दुपारी सगळे ओसरीवर पाय पसरून बसतात. सोजरबाई एरंडेल लावून काशाच्या वाटीने तळवे घासतात. अंगातली उष्णता निघते म्हणून घरोघरी घासतात, थोडं काळं येतंच. पण इथे डांबरासारखं दाट निघत होतं, नासक्या दुधाच्या वासाचं. सोजरबाई ते निपटून भरणीत भरत होत्या. मीही पाय पुढे केले. नानाजी हसून म्हणाले, तुमचे नाही, ताई.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
अंग जड. जिभेवर काळा थर, खरवडला तरी परत येतो. जेवताना तोंडात ओले केस आल्यासारखे वाटले. बोट घालून पाहिलं, काही नव्हतं. पण केस कोणाचे ते मला ठाऊक होतं. विहिरीतल्या त्या सुनेचे. तिची फुटकी हिरवी बांगडी, ओठांवरचं शेवाळ, सगळं दिसलं. हे मला कोणी सांगितलेलं नाही. हर्षलला विचारलं. त्याला विहीरच आठवेना.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आज पाहिलं. सोजरबाई भरणीतलं काळं जवसाच्या कुटात कालवत होत्या. फक्त माझ्या वाटीसाठी. तिथेच ओकले. भाकरी पडलीच नाही, नुसतं काळं. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.
"थे बाहेर फेकलं तं मळा सडते, ताई. कोनाले तं घ्याच लागते."
माझ्याआधीच्या समुपदेशक वैजयंती मॅडमनी सहा महिने घेतलं म्हणे. त्या कुठे आहेत विचारलं. सोजरबाईंनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
वैजयंती तिशीची असेल. खाटेवर. कातडी ओल्या गोणपाटासारखी, हात लावला तर बोटाला आली. ओठ हलत होते. एकामागून एक तक्रारी, दर वेळी वेगळ्या बाईच्या आवाजात. ओठांवर माशा होत्या. उडत नव्हत्या. चिकटल्या होत्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
बसथांब्यापर्यंत गेले. पुढे पाय उचलेना. हर्षलने गाडीवरून परत आणलं, गुणगुणत. नानाजी रागावले नाहीत.
"तुमी आयकाले आल्या नं? मंग आयका. तुमी गेल्या तं हे अकरा लोक मोडतीन. मंग त्या बाया कोनाकडे जातीन?"
मला ते पटलं. याचीच सगळ्यात जास्त किळस आली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
जेवण बंद केलंय. पण पाण्यातही — दात काळे. आईला फोन लावला. बोलले तो आवाज माझा नव्हता. आई विचारत राहिली, कोण बोलतंय —

२२ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
ओसरी भरली आहे. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या संस्थांचे कार्यकर्ते, चाळीस तरी. शिबिर आहे. फलकावर माझं नाव.
किती दमलेत सगळे. एक मुलगी बसल्या जागी रडत होती. तिला सांगायला गेले, पळ — तोंडातून काळंच ओघळलं. तिने आपल्या ओढणीने पुसलं. मायेने.
तिचे तळवे घासून झाले. आता हसते आहे. माझ्याकडे बघते, ओळख नाही —
सोजरबाई येताहेत. वाटी नाही, परात — काळ्याने काठोकाठ, दोघींनी धरलेली —
हर्षल माझी हनुवटी वर करतोय, हळूच, दुखू नये म्हणून, आणि मी —