आईंच्या खोलीतला एसी

आयानले,

तुझ्या आईंना घेऊन मी आर्ताला ताईकडे जातेय. तिथं डोंगरावर निदान वारा तरी गार असतो. पोरंही सोबत आहेत. भात आणि मासा झाकून ठेवलाय.

आईंच्या खोलीतला एसी आज दुपारी पुन्हा बंद पडला. मेकॅनिक वईस येऊन गेला. म्हणाला, कॉम्प्रेसर गेलाय, खाऱ्या हवेनं जाळीही खाल्लीय, आता गॅस भरण्यात अर्थ नाही. हेच त्यानं तुला हिवाळ्यातही सांगितलं होतं म्हणे. मला मात्र तू म्हणालास, अजून एक उन्हाळा आरामात काढेल. नवा घेतलास तो बैठकीच्या खोलीत लावलास, कारण दुपारी ती नशेची हिरवी पानं चघळायला तुझी माणसं येतात. त्याबद्दल मी काही म्हणत नाही, जिबूतीत सगळ्यांच्या घरी हेच आहे.

आईंना घेरी आली तेव्हा वाटलं, त्यांना त्या गार खोलीत न्यावं. पण पुरुष बसलेले असताना त्या तिथं पाऊल ठेवणार नाहीत, हे तुलाही माहीत आहे. म्हणून तुला बोलवायला आले. दाराबाहेर चपलांचे नऊ जोड होते, त्यात तुझाही. मी दोनदा दार वाजवलं.

आतून तू म्हणालास, "चहा बाहेरच ठेव, दार उघडलं की गारवा जातो."

थर्मास बाहेर ठेवलाय.

कद्रा