नारिंगी फ्रॉक

ती. आईस,

वाकून नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तू घाबरणार नाहीस.

सुट्टी होती म्हणून दोन्ही पोरांना समुद्रावर नेलं. थोरल्याने वाळूचा केवढा किल्ला केला! धाकटीला मी मुद्दाम नवा नारिंगी फ्रॉक घातला होता. कारखान्यात आम्ही किनाऱ्यावर लावायची धोक्याची निशाणं शिवतो ना, त्यातलंच उरलेलं कापड. म्हटलं, गर्दीतही लांबून दिसेल.

थोरल्याच्या डोळ्यात वाळू गेली, ती काढत बसले. अधूनमधून मान वर करून बघत होते. पायऱ्यांपाशी नारिंगी दिसत होतं. वाटलं, आज शहाण्यासारखी एका जागी बसलीय. हाक मारली तर वळेना. जवळ गेले, तर काठीवरून सुटून वाळूत पडलेलं निशाण! मीच शिवलेलं असेल.

आई, मी गर्रकन वळून पाहिलं! धाकटी उलट्या बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून लाटेला "ये, ये" म्हणत होती. मी कशी धावले, मला आठवत नाही. फ्रॉक भिजला, बाकी काही नाही.

तुझा गुडघा कसा आहे? बाबांना यातलं काही सांगू नकोस हं.

अक्षर वाकडं आलंय, कारण कागद धरायला दुसरा हात मोकळा नाही. त्यात धाकटीचा हात आहे. ती केव्हाच झोपलीय गं, मलाच सोडवत नाही.

तुझी,
भित्री लेक