घायपातीचे पिवळे काठ

प्रिय ताई,

तुझी घायपात मी रंगवली. चित्र काढलं असं नाही म्हणत, मी गोल काढला तरी त्याचा बटाटा होतो हे तुला माहितेय. खरोखरच्या झाडाला, पानांच्या काठाकाठानं, नंबरप्लेटचा पिवळा रंग लावला. तोही बाबांच्या खारीच्या केसांच्या ब्रशनं, ज्याला हात लावला तर बोटं तोडीन असं ते म्हणतात. गेले चार महिने मी तुला जे फोटो पाठवतोय आणि ज्यांच्याखाली तू 'कसली गोंडस दिसतेय' असं लिहितेस, ती तुझी घायपात नव्हेच. तुझी मेली. ही तिची पोर. मिरचीसारखी हिरवीगार, आणि तिच्या अंगावरचं सगळं पिवळं डब्यातलं आहे. झालं, सांगून टाकलं. आता पत्र फाडणार असशील तर जरा थांब, पुढे अजून आहे.

फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू आधी ओरडतेस आणि मग ऐकतेस. शिवाय मी मागच्या खोलीत कुजबुजलो तरी बाबांचे कान पुढच्या दुकानातून लांब होतात. म्हणून पत्र. शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस, शाळेतल्या बाईंनी माझ्यापुढे हात टेकले, तिथे तू काय करणार? आणि आत्ताच लिहायचं कारण तुझा परवाचा निरोप. नव्या खोलीला उन्हाची खिडकी मिळालीय, शनिवारी कंपनीचा टेम्पो आपल्या रस्त्यानं जाणारे, ड्रायव्हरच्या हाती झाड देऊन टाक. ते वाचून मला घाम फुटला. आधी फुटला तो चोरी पकडली जाणार म्हणून. मग खिडकीत त्या डब्याकडे बघत बसलो आणि दुसऱ्यांदा फुटला. हे झाड घरातून गेलं ना, की तुझ्यात आणि बाबांच्यात धरून ठेवायला काहीच उरत नाही. दोन वर्षं झाली, तुम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललेले नाहीत. आणि अक्षरं तर आपल्या घरचा धंदा!

त्या भांडणाच्या दिवशी मी जिन्यात बसून सगळं ऐकत होतो. तुला कधी सांगितलं नाही, पण 'र'ची गाठ तुझी आपल्यापेक्षा सुबक येते असं बाबा स्वतःच्या तोंडानं गिऱ्हाइकांना सांगायचे. फक्त तुला नाही सांगायचे. आणि तू जाऊन धरलीस ती नोकरी फ्लेक्स छापणाऱ्या कंपनीत. बोर्ड रंगवणाऱ्याच्या पोरीनं फ्लेक्सवाल्याकडे जायचं म्हणजे न्हाव्याच्या पोरानं दाढ्या वाढवा म्हणून गावभर सांगत फिरण्यासारखं. तू म्हणालीस, तुमच्या बोर्डांना आता विचारतंय कोण. ते म्हणाले, मग तूही या दुकानाला विचारू नकोस. दोघांनाही तिथंच गप्प बसता आलं असतं, पण एकाच डब्यातला रंग तुम्ही, दोघांचं तोंड थांबतंय कुठलं. तू बॅग उचललीस आणि जिन्यात मला ओलांडताना म्हणालीस, बिब्ब्या, माझ्या घायपातीला पंधरा दिवसांतून एकदा पाणी घाल, तेही बोट घालून माती कोरडी लागली तरच. बाकी काही करू नकोस. मला वाटलं, हे जमेल. काही न करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आता दुसरा गुन्हा. मी तिला एकदाही पाणी घातलं नाही. तू विचारायचीस, घातलंस का, मी म्हणायचो, घातलं. पण गंमत म्हणजे बोट घातलं की माती कायम ओली. मी खूश. म्हटलं, अशी स्वतःचं स्वतः बघणारी माणसं घरात असती तर आईचा किती ताप वाचला असता! मग एक दिवस डबाच बदललेला. तू खिळ्यानं भोकं पाडलेला तो गंजका डबा गेला आणि जागी नवा कोरा आला. पांढऱ्या रंगाचे तीन हात, वर निळी बारीक रेघ, डॉक्टरांच्या पाटीला मारतात तशी. बाबांना विचारलं तर म्हणाले, जुन्याचा गंज भिंतीला लागत होता, भिंत माझी आहे, झाडाशी मला काय करायचंय! बरोबर आहे. भिंतीसाठी माणूस तीन हात देतो आणि मधे दोन दोन दिवस वाळवतो!

तरी पाणी कोण घालतं ते कळेना. आई म्हणाली, मला घरच्या माणसांचं करता करता जीव जातो, झाडाचं कुठून करू. मग मी आपल्या पद्धतीनं शोध लावायचा ठरवला. खिडकीतल्या पाण्याच्या मगाच्या कानाला निळी रंगपूड चोळून ठेवली. जो पाणी घालेल त्याचा हात निळा. सापळा एकदम झकास, फक्त एवढंच विसरलो की घर पेंटरचं आहे. बाबांच्या हाताला त्या दिवशी निळा, लाल, काळा आणि चंदेरी असे चार रंग होते. डोक्याला हात लावला मी. पण जेवताना बघतो तर बाबांच्या कानाच्या पाळीवर निळा ठसा. तुला माहितेय ना, बोर्ड मनासारखा झाला की ते समोर उभे राहून कानाची पाळी चिमटीत धरतात. त्या आठवड्यात दुकानात एकही बोर्ड पुरा झालेला नव्हता. म्हणजे सकाळी शटर उघडायच्या आधी हे गृहस्थ रोज तुझ्या घायपातीला मगभर पाणी पाजत होते आणि वर कान धरून तिच्यापुढे उभे राहत होते. मी कुणाला काही बोललो नाही. मला तेव्हा त्याची मजाच वाटली.

मजा महिनाभरात संपली. खालची पानं आधी फिकी पडली, मग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी मऊ झाली. मी मधला कोंब जरा हलवून बघितला तर हलणाऱ्या दातासारखा अलगद हातात आला, आणि वास असा की नाक धरून मी जिन्यापर्यंत पळालो. डबा उलटा केला तेव्हा कळलं. नव्या डब्याला भोकंच नव्हती. खिळा मारला तर रंग टवका होऊन उडतो, तिथून गंज धरतो, म्हणून बाबांनी पाडलीच नसणार. खाली चार बोटं पाणी साचलेलं, मुळांचा चिखल. त्या चिखलात एका बाजूला हे एवढंसं पिल्लू तेवढं टणक होतं. मी ते घेऊन नर्सरीवाल्या मावशीकडे पळालो. तिनं मुळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, कुणाचे एवढे लाड उतू चाललेत रे घरात? ही तहानेनं नाही मेली, पाजून पाजून मारलीय. मी म्हटलं, मावशी, आमच्याकडे लाड असे मुक्यानंच होतात. मग तिनं सगळं शिकवलं. पिल्लाची जखम चार दिवस सावलीत वाळू द्यायची. मातीत निम्मी जाड वाळू आणि बारीक खडी. मूळ धरेपर्यंत पाणी नाही. ऊन एकदम नाही, रोज थोडं थोडं वाढवायचं, नाहीतर पान भाजतं. हे सगळं मी केलं ताई, मी! आणि पांढऱ्या डब्याला भोकं पाडली, बाबा बाहेर गेल्यावर, हातोडीला फडकं गुंडाळून. चीक मानेला लागला तर तीन दिवस माकडासारखा खाजवत होतो. आई म्हणाली, बिब्ब्यालाच उतलं, हे नवलच.

फक्त पिल्लाला पिवळा काठ नव्हता. मावशी म्हणाली, सगळी पोरं आईवर जात नाहीत, येईल तर येईल. आणि इकडे दर रविवारी तुला फोटो हवा. तेव्हा मी ब्रश उचलला. तीन पानं रंगवली. लांबून, डोळे बारीक करून, संध्याकाळच्या उजेडात बघितलं तर पटण्यासारखं होतं. जवळून झाडाला कावीळ झाल्यासारखं दिसत होतं. तुला वाटलं, कोवळी पानं फुटलीत म्हणून लहान दिसतेय. बाबा मात्र दुसऱ्या सकाळी खिडकीशी बराच वेळ उभे होते. मी पांघरुणातून एक डोळा उघडा ठेवून थोबाडीत बसायची वाट बघत होतो. ते वळले आणि एवढंच म्हणाले, ब्रश नीट धुतलेला नाहीये. कुठला ब्रश ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग नवं पान आलं, हिरवं. मी आज रंगवू उद्या रंगवू करत राहिलो. शनिवारी बघतो तर त्याला काठ! ताई, काठ म्हणजे काय काठ. एका श्वासात ओढलेला, आत केसाएवढी सायीच्या रंगाची रेघ, अगदी तुझ्या जुन्या झाडाला होती तशी. माझं काम नखानं खरवडून तीही पानं नव्यानं केलेली. आणि त्या दिवसापासून हे असंच चाललंय. नवं पान उलगडतं, शनिवारपर्यंत त्याला काठ येतो, रविवारी मी फोटो काढतो. तुझं उत्तर आलं की मी ते आईला मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि पुढे दुकानात डबे आपटायचा आवाज बंद होतो. कुणी कुणाला एका शब्दानं विचारत नाही. तूही काही कमी नाहीस. फोनवर चार प्रश्न, चारही झाडाचे. ऊन मिळतं का, पाणी जास्त होत नाही ना, कीड नाही ना. आणि मागच्या थंडीत विचारलंस, खोकला वाढला नाही ना? मग गडबडीनं म्हणालीस, कीड वाढली नाही ना म्हणायचं होतं. ताई, मी दहावीला दोनदा बसलोय, पण घायपात खोकत नाही एवढं मला कळतं.

आता खरं ऐक. तीन आठवड्यांपूर्वीच्या पानाचा काठ जरा हलला होता. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्यानंतरच्या पानावर तो सापासारखा गेलाय, आणि दोनदा पुसून पुन्हा काढल्याच्या खुणा आहेत. म्हणूनच मागचे दोन फोटो मी लांबून काढले. मग लक्ष ठेवलं. बाबांचा उजवा हात थरथरतो. ब्रश धरताना ते डाव्या हातानं मनगट आवळून धरतात. गिऱ्हाईक आलं की दोन महिने हाताला उसंत नाही म्हणून सांगतात आणि रिकाम्या दुकानात ब्रश धूत बसतात, स्वच्छ असलेले. शाळेचा मोठा बोर्ड भिंतीला टेकून आहे, तीन अक्षरं झालीत, वर चादर टाकलीय. डॉक्टरकडे चला म्हणायची सोय नाही, कारण आधी काही झालंय असं कबूल व्हायला हवं. आईलाही कळलंय. ती हल्ली त्यांचा चहाचा कप अर्धाच भरते आणि मग पुन्हा अर्धा आणून देते, म्हणते, गार होतो म्हणून. तेव्हा टेम्पोवाल्याला पाठवू नकोस, तू ये. शनिवारी, स्वतः. माफी बिफी कुणी मागणार नाही, तूही मागू नकोस. आल्या आल्या झाड बघ आणि मला चांगल्या शिव्या घाल, जिवंत झाडाला रंग फासतोस गाढवा, म्हणून सगळ्यांदेखत कान पिरगाळ. सगळे काठ माझ्या नावावर लिही, वाकडे तर नक्की लिही. मग दुकानात जाऊन ती चादर काढ आणि चौथं अक्षर घ्यायला बस. ते ओरडले तरी उठू नकोस. आणि हे पत्र फाडून टाक. हाताचं मी सांगितलं हे बाबांना कळू देऊ नकोस, आईला नको, नर्सरीवाल्या मावशीला नको, अगदी चेहऱ्यावरसुद्धा दिसू देऊ नकोस. आजवर तुझ्या किती गोष्टी पोटात ठेवल्यात मी, ही माझी एक ठेव. कुणालाही सांगू नकोस ताई, पाया पडतो, कुणालाही नाही.

तुझाच,
बिब्बा