पहिल्या आकड्याचा वजा

मंगळवार, संध्याकाळ. नांदेड

उद्या विष्णुपुरीच्या कॉलेजात माझ्या मैत्रिणीची, सुमेधाची तोंडी परीक्षा. पुलाच्या कंपनांचा प्रोजेक्ट तिचा, पण आयगेनव्हॅल्यू, म्हणजे पूल किती वेगानं हलेल ते सांगणारे आकडे, काढणारा प्रोग्राम माझा. सरांशी भांडून कॉलेज सोडलेला मी, तिला छाती ठोकून म्हणालो होतो, "मी हाय ना!"

पहिलाच आकडा वजा आला होता. म्हणजे असा पूल उभाच राहणार नाही. चूक शोधायची सोडून मी चिडून एक ओळ घातली, वजा पुसणारी. तेच आकडे घालून तिनं रिपोर्ट बाइंड करून घेतला.

आज सापडलं. एका टेकूचा ताठरपणा मीच उलट्या चिन्हानं भरला होता. तो वजा खरं सांगत होता, मी त्याचं तोंड दाबलं.

फोन केला. "आकडे पाठ करून राहिले रे," ती हसली. "सर काय बी विचारू दे, तू केलंस म्हणजे बरोबरच."

"जेवलीस का?" एवढंच निघालं तोंडातून. भित्रा कुठला!

आत्ता ती ओळ काढली. खरे आकडे आणि माझी चूक, दोन्ही तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. तिनं वाचलंय. काहीतरी लिहून राहिली. थांबली. पुन्हा लिहून राहिली.