रेणूने या घरातच राहावे

मी, श्रीमती तारा दौलतराव निनावे, वय ६४ वर्षे, स्टील प्लांटच्या स्टोअर विभागातून निवृत्त, राहणार रिसाली, भिलाई, जिल्हा दुर्ग, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, सकाळचा चहा घेऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात रायपूरला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेली नाही, पण कुठेही जाताना मागचे आवरून निघायची मला सवय आहे. वकीलसाहेब हिंदीत लिहू म्हणत होते. मी म्हटले, नोकरी हिंदीत केली, म्हातारपणी परीक्षाही हिंदीत दिल्या, हा एक कागद माझ्या भाषेत होऊ द्या. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. रिसालीचे राहते घर मी माझ्या कमाईतून घेतले असून ते एकट्या माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात या घरात रेणू हिरालाल चौरागडे, वय ५७, हिने हयातभर राहावे. तिला कोणी जा म्हणू नये, भाडे मागू नये, आणि 'सध्या राहा' असेही म्हणू नये. तिच्या पश्चात घर माझा मुलगा अभिनव याचे होईल.

रेणू माझ्या नात्यातली नाही. तीन वर्षांपूर्वी तिचे नावही मला माहीत नव्हते. म्हणून हे का, ते लिहून ठेवणे भाग आहे. नाहीतर म्हातारीला कोणीतरी भुलवले, असे म्हणायला लोक मोकळे.

२. निवृत्तीनंतर मी बी.ए.ला नाव घातले. सिविक सेंटरजवळच्या कॉलेजात आमचा वर्ग रविवारी भरतो. पहिल्याच रविवारी समाजशास्त्राच्या सुमेध सरांनी मला प्रश्न विचारला. मी उत्तर दिले. ते म्हणाले, जरा मोठ्याने. मी पुन्हा सांगितले. ते पुन्हा म्हणाले, मोठ्याने. तिसऱ्यांदा मागची पोरे हसली आणि मी खाली बसले. उत्तर बरोबर होते, हेही इथे नमूद करते.

शेजारी उतई गावाहून बसने आलेली एक बाई होती, तीच रेणू. वर्ग सुटल्यावर तिने मला जिन्यात गाठले आणि विचारले, "ताई, तुमच्या घरी नाईट शिफ्ट होती का?"

मी म्हटले, होती. माझे यजमान प्लांटमध्ये क्रेन चालवत. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी येऊन झोपत, आणि आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दुपारपर्यंत पान हलत नसे. कुकरची शिटी नको म्हणून मी डाळ पातेल्यात शिजवली. भांडी फडक्यावर ठेवली. अभिनव बोलायला शिकला तेव्हाच कुजबुजायलाही शिकला. वर्षानुवर्षे असे केल्यावर माणसाचा आवाज तेवढाच राहतो. रेणूचे वडील दुर्गला रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर होते. तिच्या आईने दाराच्या कडीला चिंधी बांधून ठेवली होती. त्या दिवशी आम्ही दोघी कॉलेजच्या जिन्यात उभ्या राहून तासभर बोललो, आणि दोघींचेही बोलणे दुसऱ्या कोणाला ऐकू गेले नसेल.

३. आता जे लिहिते ते माझ्या नातेवाईकांपैकी काहींना अर्धे माहीत आहे.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधी रेणू माझ्याकडे अभ्यासाला आली. दुपारी दिवाणावर पडली आणि तिला गाढ झोप लागली. मी दर पाच मिनिटांनी जाऊन तिच्या नाकाशी बोट धरत होते. चौथ्या की पाचव्या वेळेला तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "काय पाहून राहिल्या, ताई?" तेव्हा मी तिला सगळे सांगितले. तोवर मी ते कोणालाही, माझ्या आईलाही, सांगितले नव्हते.

१९९४ च्या जानेवारीत दौलतराव रात्रपाळी करून आले, दोन वाजता उठव म्हणाले आणि झोपले. बारा वाजता अभिनव शाळेतून धावत आला. त्याला शर्यतीत कप मिळाला होता. त्याला तो बाबांना दाखवायचा होता. मी ओठांवर बोट ठेवले आणि त्याला बाहेर पाठवले. विळीचा आवाज होऊ नये म्हणून ती सतरंजीवर ठेवून भाजी चिरली. दोन वाजता उठवायला गेले तर अंग गार होते. डॉक्टरांनी सांगितले, दहाच्या सुमारासच गेले असावेत. म्हणजे चार तास मी गेलेल्या माणसाची झोप मोडू दिली नाही.

तेरवीच्या दिवशी भरल्या घरात माझे दीर बाबाराव म्हणाले, बाजूच्या खोलीत असून बायकोला समजू नये म्हणजे कमाल आहे. पुढे मला त्यांच्या जागी प्लांटमध्ये नोकरी लागली, पण जवळजवळ तीस वर्षे रोज मी स्वतःला तेच म्हणत आले.

रेणूने सगळे ऐकून घेतले. रडली नाही, माझा हातही धरला नाही. एवढेच म्हणाली, "तुमी त्यायले जिता मानूस समजून झोपू देलं, ताई. थकून आला होता म्हनून झोपू देलं. याच्यात तुमचं चुकलं कोठी?"

असे दुसरेही कोणी म्हणू शकले असते. पण ज्या घरात कधी दिवसा कोणी झोपलेच नाही, तिथल्या माणसाने म्हटले असते तर मला ते पटले नसते. त्या रात्री मी सहा तास झोपले. या उपकाराची परतफेड घराने होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्याकडे देण्यासारखे घरच आहे.

४. रेणू उतईला भावाच्या घरी राहत असे. आईचे दुखणे तिने अकरा वर्षे काढले, आणि आई गेल्यावर तिची खाट धान्याच्या खोलीत गेली. पाहुणे आले की तिथूनही हलत असे. भाऊ वाईट नाही. त्याला तिची फक्त सवय झाली आहे. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून ती माझ्याकडे आहे. ती घोरते. हे कागदावर आल्याबद्दल ती चिडेल, पण पलीकडच्या खोलीतून तो आवाज येत असला की मला बरे वाटते.

५. माझी स्कूटी रेणूला. तिला चालवता येते, पण वळताना डोळे मिटते, म्हणून सहा महिने फक्त गल्लीत चालवावी. माझी पुस्तके आणि वह्याही तिला. तिने तिसऱ्या वर्षाची परीक्षा द्यायची आहे, माझे ऑपरेशन कसेही होवो.

६. दौलतरावांचे गजराचे घड्याळ बाबाराव यांस. दुसरे कधी उठले नि कधी नाही, याची त्यांना फार काळजी असते. घड्याळ चालू आहे.

७. बँकेतील ठेव, माझे दागिने आणि शर्यतीचा तो कप अभिनवला. अभिनव, त्या दिवशी तू आत गेला असतास तरी बाबा वाचले नसते. तुला मी अडवले. पुढे तू कधीच कुठल्या शर्यतीत धावला नाहीस, आणि मीही कधी विचारले नाही. त्याबद्दल तुझी क्षमा मागते. घराचे मी तुला गेल्या महिन्यात फोनवर सांगितले. तू म्हणालास, राहू दे त्यांना, आई. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम तुझ्यावर सोपवते.

८. शेवटचे. या कागदावर रेणूची सही नाही. काल मी सुमेध सरांना आणि शेजारच्या नूतनबाईंना सहीसाठी फोन केला, तो तिने ऐकला. दारात उभी राहून म्हणाली, "मले सहीले कावून नाही सांगितलं? मी तुमची कोनी नाही का?" मी औषधांची चिठ्ठी शोधू लागले. घराचे कळले असते तर ती संध्याकाळच्या बसने उतईला गेली असती. कोणाचे काही घ्यायचे नाही, हे तिच्या अंगात फार मुरले आहे. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही. वेळेवर गोळ्या देते, जेवण वाढते, पण शब्द नाही. आता तिला औषधे आणायला सिविक सेंटरला पाठवले आहे. ती येण्याआधी सह्या उरकायच्या आहेत.

वकीलसाहेब म्हणाले, जिला घर द्यायचे तिचीच सही साक्षीदाराच्या जागी असली, तर उद्या कोणालाही बोट ठेवायला जागा होते. तिच्या राहण्यावर कोणी बोट ठेवावे, हे मला चालणार नाही.

साक्षीला बाहेरची माणसे लागतात, रेणू.

वर लिहिलेले मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) तारा दौलतराव निनावे

साक्षीदार:
१. (सही) सुमेध मेश्राम, प्राध्यापक, दुर्ग
२. (सही) नूतन पटले, शेजारीण, रिसाली

ठिकाण: रिसाली, भिलाई
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४