बारवेच्या पाटीवरची ओळ

आई, इतिहास शिकून मी आपल्याच गावच्या बारवेचा, तिथल्या छोट्या संग्रहालयाचा साहेब झालो, तेव्हा तू बदनापूरला राहायचीस, तिथून तुला एस्टीनं घेऊन आल्तो. माझ्या लहानपणी तू घागर घेऊन वरच उभी राहायचीस, कुणाला दया आली तर पाणी ओतायचे. त्या दिवशी तू चप्पल काढलीस आणि एकेक पायरी बसत बसत खाली उतरलीस. पाण्यात हात घातलास. वर आल्यावर मला पाटी वाचायला लावलीस, तुला कुठं वाचता येत होतं! राजा, दगड, कोरीवकाम, सगळं बराबर लिहिलं होतं मी. तू एवढंच म्हणालीस, "ह्याच्यात आपण कुठं हावोत रे?" माझं तोंड उतरलं.

मंग मी ओळ घातली, की या बारवेत गावातल्या काही लोकांना उतरू देत नसत. काही लोकांना! आपलं नाव घ्यायची हिंमत तेव्हाही झाली न्हाई. तरी त्या पाटीपुढं बसवून इतकी वर्षं शाळेच्या पोरांकडून संविधानाची उद्देशिका वाचून घेतली. समानता शब्द आला की मी त्या ओळीवर बोट ठेवायचो. माझं खरं काम तेवढंच, असं समजून चाललो.

यंदा गावातली चार मोठी माणसं ऑफिसात आली. गोड बोलली, चहा पिली. गावाची बदनामी होते, ओळ राहिली तर शाळांच्या सहली बंद पाडू, म्हणाली. मी मनाची समजूत घातली की ओळ गेली तरी पोरं येतील, उद्देशिका तर राहील. नवी पाटी लावली. परवा घनसावंगीची शाळा आल्ती. वाचन संपल्यावर एका पोरीनं विचारलं, "सर, हे पाणी सगळ्यांसाठी होतं का?" सवयीनं पाटीकडं हात गेला. ओळीच्या जागी काहीच नव्हतं. मी हो म्हणालो. ती वहीत लिहून राह्यली होती.

जन्मभर पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं, एकीनं विचारला तर मी हे असं केलं. आता कोणत्या तोंडानं तिथं उभं राहू? सगळं वाया गेलं गं. जुनी पाटी कपाटात आहे, हा कागद तिच्याखालीच ठेवून देतो.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी पायऱ्या उतरताना तू हात पुढं केल्तास, धर म्हणून. वर गावातले लोक बघत होते. मी धरला न्हाई.