स्टिरिओतली टकटक

शनिवार, १ नोव्हेंबर
आले: अँप्लिफायर एक. उंच स्पीकर दोन – सासूबाई त्यांना खोकी म्हणतात, तेच बरे. वायरींचा गुंता एक. एकूण साडेचार हजार. कुरकुंभ ते आमचे राहू गाव, टेम्पो सातशे. उतरवणाऱ्यांचा चहा चाळीस. मला न विचारता आणले, त्याचा हिशोब अजून व्हायचाय.

कंपनीतल्या एका साहेबाची बदली झाली. बंगला रिकामा करताना त्याने सामान विकायला काढले, आणि आमचे मालक पहिली पाळी संपवून ते घेऊनच घरी आले. म्हणाले, "नवीन घ्यायला गेलं तर चाळीस हजार." मी म्हणाले, नवीन घ्यायला कोण निघालं होतं?

लावले. गाण्याआधी घूंऽऽ. गाण्यात घूंऽऽ. गाणे संपले तरी घूंऽऽ. सासूबाई म्हणाल्या, "गिरण आनलीस व्हय रं संपत?"

रविवार, २ नोव्हेंबर
एकादशी. उपवास. म्हणून भांडले नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर
खरे सांगायचे तर खोकी माझ्याच कामाची निघाली. पण हे मी मालकांना सांगणार नाही.

चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळात आमच्या बायकांच्या मंडळाचे गाणे असते. मेंढरं होती, आमची बिऱ्हाडं पाठीवर होती, तेव्हापासूनचा हा मान. सासूबाईंच्या सासूबाई तिथे गायल्या. आणि गेल्या वर्षी आम्ही त्या मानाची माती केली. मंडळातल्या ज्ञानेश्वरीची ढोलकी धावत सुटते. ती धावली की आम्ही तिच्यामागे. ताटातला कापूर पेटायच्या आत गाणे संपले! कमिटीचे मारुतराव माईकवर म्हणाले, "बायांना यष्टी गाठायची व्हती वाटतं." सगळे देऊळ हसले.

आज कमिटीची बैठक झाली. मारुतराव म्हणाले, "यंदा शेवटची संधी. परत तसंच झालं तर फुडच्या सालापासनं पेन ड्राइव्ह लावू. पेन ड्राइव्ह काय पळत न्हाई."

वडगाव रासाईच्या माझ्या आत्याने जुनी चाल मोबाइलमध्ये गाऊन दिली आहे. नुसता आवाज, ना ढोलकी ना टाळ. ती मोठ्याने लावून सगळ्याजणींना शिकवायची. पण आधी ही घूं गेली पाहिजे.

बुधवार, ५ नोव्हेंबर
गेली! मालकांनी कंपनीतल्या इलेक्ट्रिशियनला विचारले. तो म्हणाला, घराचं अर्थिंग कोरडं पडलं असेल, खड्ड्यात पाणी ओता.

खड्डा घरामागे आहे. त्याच्याजवळ तुळस होती, रोज पाणी मिळायचे. दिवाळीत फरशी घातली तेव्हा तुळस पुढच्या दारी आणली. म्हणजे इतके दिवस तुळशीच्या तोंडचे पाणी विजेलाही पोचत होते. आता आंघोळीचे पाणी तिकडे वळवले. चर मीच खणला. खर्च काही नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
नवीन आवाज. आत्या उंच सुरात गेली की झर्र-झर्र. सासूबाईंनी खोक्यावर भंडाऱ्याची वाटी आणि सुट्या पैशांचा डबा ठेवला होता. वाटीतला भंडारा उड्या मारत होता. सासूबाई हात जोडून, "बग, देव नाचतोय." मी डबा आणि वाटी दोन्ही खाली ठेवले. झर्र गेले, देवही थांबला. सासूबाई वाटी घेऊन देवापुढे जाऊन बसल्या.

शनिवार, ८ नोव्हेंबर
आणखी एक. मधूनच तिर्र-तिर्र-तिर्र, आणि लगेच सासूबाईंच्या फोनची घंटी. त्यांनी ते ताडले. तिर्र झाले की डोळे मिटून म्हणायच्या, "पूनमचा फोन येनार." पूनम माझी नणंद, ती दिवसातून चारदा करते, त्यामुळे चुकतही नव्हत्या. संध्याकाळी शेजारची एकजण लेकाचं लग्न कधी जमेल ते विचारायला नारळ घेऊन आली.

त्यांचा बटणाचा फोन खोक्यामागे ठेवलेला असतो. तो मी फळीवर नेला. तिर्र बंद. सासूबाई म्हणाल्या, "माजं चाललेलं बगवलं न्हाई तुला."

नारळ परत दिला नाही, फोडला होता. चटणी केली.

सोमवार, १० नोव्हेंबर
आता टकटक. टक... टक... टक. घड्याळापेक्षा जरा सावकाश. दिवसभर नाही. मी देवापुढे दिवा लावते आणि ही सुरू होते.

तालमीला सगळ्या आल्या. आत्याचा आवाज, मागे टकटक. ज्ञानेश्वरी म्हणाली, "काकू, तुमच्या खोक्याला उचकी लागली." तालीम मात्र बरी झाली. पण असला आवाज डोक्यात जातो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
मालक म्हणतात, "दिव्यानं व्हतंय तर दिवा लावू नको." यांच्याशी काय बोलायचे!

सासूबाईंच्या मते साहेबाच्या बंगल्यातले काहीतरी खोक्यातून आले आहे. लिंबू-मिरची बांधली. पाच रुपये. टकटक तशीच.

मी अँप्लिफायर मांडीवर घेऊन दौंडला नेला. दुकानदाराने आतला एक पार्ट बदलला – तीनशे पन्नास, प्रवास वेगळा. दुपारी घरी लावला, एकदम स्वच्छ. मी देवाला साखर ठेवली. संध्याकाळी दिवा लावला. टक.

साखर उचलून डब्यात टाकली. मग वाईट वाटले, परत ठेवली.

शनिवार, १५ नोव्हेंबर
सापडली!

आज दिवा ऊन असतानाच लावला. देवाला सांगितले, हे परीक्षेपुरते आहे, गैरसमज नको. टकटक नाही. म्हणजे दिवा निर्दोष. मी खोक्यापुढे बसून राहिले. अंधारून आले, मशिदीत अजान झाली, आणि थोड्या वेळाने टक... टक...

भाकरीचे तुकडे कोंबड्यांना टाकायला मागे गेले, तर शेजारच्या इलाही मामांच्या बांधावर एक तांबडा दिवा लुकलुकत होता. त्यांचे झटका मशीन. रानडुकरे मक्यात येऊ नयेत म्हणून तारेत झटका सोडते ना, ते. लुक... लुक... लुक. मी सासूबाईंना हाक मारली, खोक्यात टक झाले की ओरडा. त्या आतून "टक!" म्हणाल्या की बाहेर दिवा लुकलुके. एकदाही चुकले नाही. मालक पाळीवरून आले, त्यांनी दारात उभे राहून हे सगळे ऐकले आणि स्वतः चहा करायला गेले. पहिल्यांदाच.

इलाही मामा नमाज पढून येतात आणि मशीन चालू करतात. म्हणून वेळ जुळत होती. तशीच गेले.

"मामा, तुमची जमिनीत जाणारी वायर कुठं पुरलीय?"

"तुमच्या मोरीमागं, त्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशीच, सूनबाई. मागंच संपतला इचारून सळई ठोकली. माज्याकडं नुसता मुरूम, त्यात झटका बसत न्हाई, ओल लागती. दिवाळीपास्नं ती जागाबी कोरडी पडली. डुकरं मका खाऊन वर ढेकर द्यायची. आन् हप्ता-दीड हप्ता झाला, काय झटका बसतोय! म्या म्हनलं, अल्लाची मेहेरबानी."

"मेहेरबानी माझ्या आंघोळीच्या पाण्याची."

मामांच्या घरातल्या मेहरुनभाभी आत हसून हसून खोकल्या. म्हणजे घूं घालवायला मी पाणी ओतले आणि त्या पाण्यानेच टकटक आणली. मामा चांगले माणूस. म्हणाले, सळई शेळ्यांच्या हौदापाशी हलवतो, तिथंबी ओल असती.

सोमवार, १७ नोव्हेंबर
सळई हलली. संध्याकाळी दिवा लावला. खोके गप्प. आत्याचा आवाज असा आला की जणू समोर बसून गातेय. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मालक म्हणाले, "साडेचार हजार वसूल." मी त्यात दौंडचे तीनशे पन्नास मिळवले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
घात झाला.

तालमीला स्वच्छ आवाज, सगळ्या खूश. ज्ञानेश्वरीने ढोलकीवर हात टाकला आणि सुटली. आम्ही मागे. आत्या खोक्यात दुसऱ्या कडव्यावर होती तेव्हा आम्ही येळकोट करून मोकळ्या झालो होतो. पुन्हा केले. पुन्हा तेच. ज्ञानेश्वरी रडायला लागली, "काकू, गेल्या हप्त्यात कसं येत व्हतं मग?"

मला उत्तर माहीत होते. गेल्या हप्त्यात रानडुकरांचे मशीन आम्हाला ताल धरून देत होते.

बुधवार, १९ नोव्हेंबर
इलाही मामांकडे गेले. मामा म्हणाले, "परवा म्हनलीस काडा, आज म्हन्तीस द्या. नक्की काय पायजे?"

मशीनच पाहिजे. ते स्वतः पण टकटक करते, जवळ बसले की चांगले ऐकू येते. चंपाषष्ठीच्या संध्याकाळी ज्ञानेश्वरीच्या मागे ठेवायचे, वर पिवळे कापड. पाहणाऱ्याला देवाचे बोचके वाटेल. मामा दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "तेवढी एक रात आमचा सोहेब डबा वाजवत बसंल मक्यात. बॅटरीसकट देतो. न्हेताना हात लावायचा न्हाई, म्या स्वता आनून ठिवीन."

सळई पुन्हा मोरीमागे ठोकून घेतली. तालमी टकटकीवर. ज्ञानेश्वरी वळणावर आली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
खंडोबाचे घट बसले. मनात टोचते आहे. देवाच्या दारात चोरून मशीन न्यायचे. पण मान गेला तर तो परत यायचा नाही. पेन ड्राइव्हला सासू नसते, सून नसते. तो कुणाकडून शिकत नाही आणि कुणाला शिकवत नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी
क्रमाने लिहिते.

देऊळ गच्च. मामांनी बोचके आणून ठेवले होते. टक... टक... आम्ही बसलो. ज्ञानेश्वरीने डोळे मिटले, तिसऱ्या टकवर थाप टाकली. आणि बाई काय गायलो आम्ही! न पळता, न रेंगाळता. पुढच्या म्हाताऱ्या माना डोलवायला लागल्या.

तिसऱ्या कडव्याला मारुतराव मागून आले. चूक धरायलाच आले असणार. "हे बोचकं कशाचं?" म्हणाले, आणि बसायला टेकू म्हणून त्यावर हात ठेवला.

टक – खांदा उडाला.

टक – मान उडाली.

टक – उभेच राहिले! डोळे पांढरे, हात वर, आणि तालावर उड्या. एक उडी तालाबाहेर नाही. झटका! बोचक्यावरचा हात सुटला तरी थांबेनात. वाटले, करंट अंगात मुरला. गाणे थांबवावे तर ज्ञानेश्वरीचे डोळे मिटलेले, ती कुठली थांबते.

एवढ्यात सासूबाई उठून ओरडल्या, "आलं! वारं आलं! येळकोट येळकोट!" अख्ख्या देवळाने "जय मल्हार" केले. भंडारा उधळला. बायका मारुतरावांच्या पाया पडायला लागल्या. आम्ही ते गाणे तीनदा गायलो.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
मारुतराव सकाळी घरी आले. अनवाणी. माझ्याशी पहिल्यांदा खाली बघून बोलले. "वैनी, साठ वर्सात मला कवा वारं आलं न्हवतं. माज्या बापाला यायचं, आज्याला यायचं. लोक म्हनायचे, ह्येच्यावर देव रुसलाय. तुमच्या गान्यात आलं. आता हा मान कुनी काडत न्हाई. म्या हाय तवर न्हाई." मग सासूबाईंपुढे बसून लहान मुलासारखे रडले.

मी चहा दिला. साखर जास्त घातली. दुसरे काय देणार! तो माणूस रानडुकराच्या झटक्यावर रडत होता आणि मी समोर कपबशी धरून उभी.

जेवण गेले नाही. सांगावे तर त्याचा देव काढून घेतल्यासारखे, आणि मंडळाचा मानही जातो. न सांगावे तर देवाच्या दारातले खोटे. सध्या एक नारळ आणि पावशेर भंडारा कबूल केलाय. पण पुरणार नाही असे वाटते.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
सणाच्या गडबडीत मशीन आमच्याकडेच राहिले होते, मामा आज न्यायला आले. त्यांना बाजूला घेऊन सगळे सांगितले, कुणाजवळ बोलू नका असे बजावले. ते म्हणाले, "सूनबाई, देवळात लेकरं फिरनार, बायामानसं बसनार. म्या झटका चालू ठिवीन व्हय? घरीच वायरी तोडून आत टेप मारली व्हती. त्यात नुसती टकटक व्हती. झटका न्हवताच."

कापड काढून दाखवले. खरेच टेप.

मल्हारी, मग ते कोण होते? उलट टपाली कळवावे.